आधी महाराणी, मग रांग

तीस वर्षं ब्रिस्टलच्या हॉस्पिटलात नर्स होते मी. हजारो दंडांत सुया टोचल्या. आणि माझीच सून कस्तुरी म्हणते, "आई, वरदाला गोवराची लस एवढ्यात नको."

वरदा, माझी नात, सव्वा वर्षाची. तिच्या नर्सरीत दोघांना गोवर निघालेला, गुरुवारी सर्जरीत, म्हणजे इथल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात, अपॉइंटमेंट, आणि कस्तुरी फोनवर कुणाकुणाचे व्हिडिओ बघून धास्तावलेली. माझा मुलगा अनुप तळ्यात-मळ्यात. मी आधी रागावले, मग आकडे ऐकवले. ती पोळ्या लाटत राहिली. सुनेला भाषण द्यायचं नसतं, हे मला सत्तराव्या वर्षीही कळू नये?

म्हणून बुधवारी चहाला मी वेगळाच विषय काढला. रशियाची महाराणी कॅथरीन. शाळा काढल्या, कायदे सुधारायला घेतले, ते राहू दे. पण देवीच्या साथीत माणसं पटापट जात होती आणि टोचून घ्यायला कुणी धजेना. तेव्हाचं टोचणं म्हणजे रोग्याच्या फोडातला पू. बाईंनी इंग्लंडहून डॉक्टर बोलावला आणि आपलाच हात पुढे केला. बरंवाईट झालं तर लोक त्याला सोडणार नाहीत, म्हणून त्याच्यासाठी घोडे तयार ठेवले. ती बरी झाली, मग मुलाला टोचलं, मग दरबाऱ्यांची रांग लागली.

"आधी स्वतः?" कस्तुरीनं विचारलं.

"आधी स्वतः."

"मग आई, तुमच्या नागिणीच्या लसीची तीन पत्रं आलीत. तुम्ही का नाही गेलात?"

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. खरं सांगू? दुसऱ्याला टोचताना काही वाटलं नाही, पण स्वतःला म्हटलं की मला सुईची भीती वाटते. हे मी जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं. तिला सांगितलं.

"मलाही भीतीच वाटते," ती म्हणाली. "वरदाला माझ्यामुळे काही झालं तर?"

पोर घाबरली होती आणि मी आकडे घोकत बसले होते. लाज वाटली मला. लगेच सर्जरीला फोन करून तिच्याच वेळेला माझंही नाव घातलं.

गुरुवारी खुर्चीत आधी मी बसले. बाही वर केली, डोळे गच्च मिटले. कस्तुरीनं माझा हात धरला. झालंसुद्धा.

मी उठले. वरदाला मांडीवर घेऊन ती त्याच खुर्चीत बसली, पण माझा हात काही तिनं सोडला नाही.