गर्दीचा आवाज

स्टुडिओत केलेली गाणी मुबांगाने ओळीने ऐकली आणि त्याचं तोंड उतरलं. सूर जागच्या जागी होते, ड्रम्स ठोक्याला ठोका होते, आणि गाण्यात जीव म्हणून नव्हता. लुसाकातल्या त्या खोलीच्या भिंतींवर जाड गोधड्या टांगल्या होत्या. शब्द तोंडाबाहेर पडला की तिथल्या तिथे विरायचा. खाणींच्या गावांत ज्याचं गाणं ऐकायला पोरं छपरावर चढत, तो मुबांगा इथे हजेरी दिल्यासारखा गात होता.

ध्वनिमुद्रण करणारे सिम्विंगा वयस्कर होते, उगाच कुणाला हरभऱ्याच्या झाडावर चढवणारे नव्हते. ते म्हणाले, पहिली बाजू ही अशीच जाईल. दुसऱ्या बाजूला तुमचं ते हॉलमधलं टाकू, म्हणजे रेकॉर्ड उभी राहील. नाहीतर ही कोण घेणार?

हॉलमधलं म्हणजे बुसेको हॉलमधलं. संध्याकाळनंतर संचारबंदी असे, म्हणून कार्यक्रम भर दुपारी व्हायचे. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका मित्राने छताला दोन माइक टांगून ते टेपवर घेतलं होतं. वर्ष होत आलं, तरी बँडमधल्या कुणी ती टेप उघडली नव्हती. शेवटचं गाणं चालू असताना बिनतिकिटाची गर्दी मागचं फाटक मोडून आत घुसली होती. सज्जाखालच्या बोळातलं, हॉलमध्ये उघडणारं दार कुलूपबंद, मागून रेटा चालूच. दार उघडलं तेव्हा दाराशी असलेली पोरं चेंगरून मेली होती. त्यात नाम्वेला होती, ड्रम्स वाजवणाऱ्या लोम्बेची धाकटी बहीण. भावाच्या कार्यक्रमाला तिकीट कसलं, असं म्हणून ती नेहमी मागच्याच वाटेने यायची.

सिम्विंगांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी टेपवरचं नेमकं ते शेवटचं गाणं लावलं आणि मुबांगाच्या कानांवर हेडफोन चढवले.

गाणं सुंदर होतं. खोटं कशाला बोला, त्याने जन्मात तसं गायलं नव्हतं. मध्येच वाद्यं खाली बसली आणि त्याचा स्वतःचा आवाज आला, "मागचे झोपले का? अजून जोरात!" मागून आरोळी उठली. तो पुन्हा म्हणाला. आरोळी वाढली. तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा अख्खा हॉल फुटेल असं वाटलं. त्या दुपारी डोळ्यांवर दिवे होते, पुढच्या चार रांगांपलीकडे काही दिसत नव्हतं, आणि त्याला वाटलं होतं, जिंकलं आपण. त्याच तारेत त्याने गाणं लांबवलंही होतं. आता हेडफोनमध्ये पुढच्या रांगांच्या टाळ्या वेगळ्या ऐकू येत होत्या, ठेक्यात. मागचा आवाज ठेक्यात नव्हता. मजेत ओरडणारा माणूस आपोआप ठेक्यात ओरडतो, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

त्याने हेडफोन काढून ठेवले.

"काय पब्लिक आहे हो," सिम्विंगा म्हणाले. "असं पैसे देऊन मिळत नाही."

मागचा आवाज काढता येईल का, असं त्याने विचारलं. सिम्विंगा हसले. दोन माइक, एकच हवा. दुधातलं पाणी काढून द्या म्हणताय, म्हणाले. गर्दी काढली तर तुम्हीही जाल.

मुबांगाने तिथेच नाही म्हणायला हवं होतं. पण दुसरी बाजू नसेल तर रेकॉर्ड नाही, आणि रेकॉर्ड नसेल तर बँड मोडणार, हे सगळ्यांना कळत होतं. बास वाजवणाऱ्याने तर खाणीत अर्ज टाकलासुद्धा होता. म्हणून त्याने ते लोम्बेवर ढकललं. लोम्बे म्हणाला, "मी नाही ऐकणार. आईला ऐकव. ती हो म्हणाली तर माझं हो." मुबांगाला हायसं वाटलं. कोणती आई हो म्हणेल? आपल्याच्याने न निघणारा नकार म्हातारीच्या तोंडून काढून घ्यायचा, एवढीच त्याची अक्कल त्या दिवशी चालली.

दोघं टेप आणि ती वाजवायचं यंत्र घेऊन उत्तरेला लोम्बेच्या गावी आले. लोम्बेच्या आईला सगळी वस्ती बाना लोम्बे म्हणायची. अंगणात आंब्याखाली तिने चटई अंथरली, मुंकोयोचा, मुळं आंबवून केलेल्या पेयाचा, गार पेला पुढे केला, बसची, रस्त्यांची चौकशी केली. लोम्बे घरात जाऊन बसला आणि त्याने दार लोटून घेतलं. मुबांगाने सांगितलं, बामायो, आई, यात त्या दिवशीचा आवाज आहे, ऐकवत नसेल तर लगेच बंद करतो. तिने नुसती मान हलवली.

गाणं वाजलं. ती मांडीवर हात ठेवून बसली होती. आरोळ्या आल्या तेव्हा तिने डोळे मिटले नाहीत, अंगावरच्या कापडाचं टोक तोंडाला लावलं नाही. भाजीवालीकडे भाव ऐकावा तशी लक्ष देऊन ऐकत राहिली. टेप संपून चाक रिकामं फिरायला लागलं. त्याने ते थांबवलं.

"ते 'अजून जोरात' तूच म्हणतोस ना?"

"हो, बामायो."

"माझी पोर सांगितलेलं ऐकायची रे. मला कधी दोनदा सांगावं लागलं नाही." तिने थांबलेल्या चाकाकडे बोट केलं. "तू तीनदा सांगितलंस."

मुबांगाला वाटलं, आता ती शिव्या देईल, हाकलून देईल. त्याला तेच हवं होतं. पण ती म्हणाली, "टाक तुझ्या रेकॉर्डवर. तिचा फोटोसुद्धा धड नाही माझ्याकडे, शाळेच्या घोळक्यातला आहे. एवढा आवाज तरी राहू दे."

परतीच्या बसमध्ये तो लोम्बेला म्हणाला की हे गाणं मी टाकणार नाही, माझ्याच्याने होणार नाही.

"तुला विचारतंय कोण?" लोम्बे खिडकीबाहेर बघत म्हणाला. "आईने हो म्हटलंय."

रेकॉर्ड निघाली. पहिल्या बाजूची गाणी कुणी ऐकली की नाही देव जाणे. बारमध्ये सुई थेट दुसऱ्या बाजूवर टेकायची. बँड तरला. बास वाजवणाऱ्याने खाणीतला अर्ज मागे घेतला, आणि पावसाळा सरल्यावर दुसऱ्या एका गावी पुन्हा दुपारचा कार्यक्रम लागला. मुबांगाने आधीच बजावलं होतं की ते गाणं घ्यायचं नाही. हॉल दुसरं काही ऐकायलाच तयार होईना. पाय आपटायला लागले. शेवटी लोम्बेने त्याच्याकडे न बघता त्या गाण्याचा ठेका धरला, आणि मग बाकीचे काय करणार?

गाणं त्या जागेपर्यंत आलं. वाद्यं खाली बसली. मुबांगाने ओठ गच्च मिटले आणि माइकपासून दोन पावलं मागे सरला. पुढचं काही तो म्हणणार नव्हता, मेला तरी.

पण रेकॉर्ड आता सगळ्यांना पाठ झाली होती. पहिल्या रांगेपासून सज्जापर्यंत सगळा हॉल हसत, ठेक्यात, त्याच्याकडे हात करून ओरडला, "अजून जोरात!"