भिंतीवरच्या साती आसरा

परतूरला रामरावांच्या दारात त्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसायची. बाया नारळ घेऊन, गडी पागोटी सावरत, म्हातारी माणसं एकमेकांना धरून, सगळे मधल्या खोलीकडं डोळे लावून उभे. आतल्या भिंतीवर म्हणे साती आसरा प्रकटल्या होत्या! पाण्यातल्या त्या सात देवी विहीर सोडून रामरावांच्या घरी मुक्कामाला आल्या होत्या. काळ्याभोर सात आकृत्या, आणि भिंतीवरून पाणी ठिबकतंय.

"बघा, आई घळाघळा रडून राह्यली!" भुजंग भगत चिमटा आपटत ओरडायचा. "हे हौदातले मासे म्हंजी आईची लेकरं. लेकरांपायी आली ती. खिडकी उघडाल तर रुसंल. हौदावर झाकण घालाल तर घर बुडंल!"

आईची ही लेकरं रामरावांनीच हैदराबादेहून आणली होती. माणूसभर लांबीचा काचेचा हौद त्यांनी रेल्वेतून उतरवून घेतला, मधल्या खोलीत मांडला आणि हौसेनं मासे सोडले. पुढं भिंतींना ओल धरली, तर बोलावलं कुणाला? गवंड्याला नाही, भगताला! आता काय म्हणावं या अकलेला?

भुजंगानं खिडक्यांना खिळे ठोकले आणि रामरावांची सून जयवंता हिला 'आईचं झाड' ठरवून त्याच खोलीत बसवलं. देवी म्हणे तिच्या अंगात येणार. पोर खोकायला लागली. श्वास घेताना छाती वाजायची. "आई शिरून राह्यली," असं भुजंग म्हणायचा आणि घरचे हात जोडायचे.

लेकीला माहेरी न्यायला तिची आई चतुराबाई आली. जयवंताची दशा बघून ती तडक रामरावांपुढं उभी राहिली.

"व्याही, मी हिला घेऊन चालले."

"न्हाई जमायचं, विहीणबाई," रामराव म्हणाले. "आईचा हुकूम न्हाई."

चतुराबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण भांडून लेक मिळणार नव्हती. ती भिंतीजवळ गेली. आंबूस वास आला. आजूबाजूचा चुना पांढरा, काळं तेवढं त्या सात आकृत्यांतच, आणि कडेला चक्क बोटांचे फराटे. देवीला फराटे कशाला ओढावे लागतात?

"जयवंते, ह्या भगतानं भिंतीला काय लावल्तं?"

"काय की. एकटाच आत बसल्ता. निवदाला म्हणून गव्हाचा चीक मागून घेतल्ता."

"निवद दिसला का कुणाला?"

"न्हाई बा."

चतुराबाईला तेवढं पुरे झालं. तिनं बाहेर येऊन भुजंगापुढं हात जोडले. "महाराज, अमावस्येपर्यंत लेकीच्या जागी मी बसते. चालंल का आईला?"

नवं गिऱ्हाईक बघून भुजंग खुलला. "चालंल! पण अमावस्येला झाड जागेवर पाहिजे, गावासमोर. मंग तुझी लेक त्या जागेवरनं जन्मभर उठायची न्हाई."

जयवंता ओसरीवर उन्हात बसायला लागली आणि तिची छाती हळूहळू मोकळी झाली. रामराव रोज ते बघत होते, पण डोळे असून काय उपयोग?

अमावस्येला सारं गाव लोटलं. भुजंग घुमायला लागला. त्यानं जयवंताचा दंड धरून तिला आत ओढलं. तेवढ्यात चतुराबाईनं कोपऱ्यात भिंतीला टेकवलेली आपली वाकळ बाजूला केली. मागं चुन्यावर एक लांबट, काळं, लवदार रूप उमटलं होतं.

"पादुका!" भुजंग किंचाळला. "आईच्या पादुका प्रकटल्या!"

शेजारच्या गोजरबाईनं तर लोटांगणच घातलं.

"ऊठ गं माय," चतुराबाई म्हणाली. तिनं दारातली आपली वहाण उचलली आणि भिंतीला लावली. टाचेचा तुटका कोपरासुद्धा बराबर जुळला. "पादुका न्हाई ह्या, माझं पायताण हाय! वहाण धरून रेघ ओढली, आत चीक फासला, वर वाकळ टेकवली. चिकावर बुरशी आली. कुरडयांचा चीक बुरसला तर आरती करता का गं बायांनो?"



"पण भिंत रडती ती?" रामरावांनी चाचरत विचारलं.

"भाताच्या झाकणाखाली पाणी सुटतं, तवा कोण रडतं? उघड्या हौदाची वाफ जाईल कुठं? वर तुम्ही खिडक्या ठोकल्या, ती आणखीच भिंतीला धरली. अन् ही बुरशी माझी लेक छातीत घेऊन राह्यली, व्याही! देवी न्हाई, बुरशी!"

भुजंगाची पाचावर धारण बसली. तो मागच्या दारानं सटकत होता, पण लोटांगण घातलेल्या गोजरबाईनंच त्याचा पाय धरला.

"विहीणबाई, चुकलं," रामराव म्हणाले.

"चुकलं म्हणून लेकीचा खोकला थांबत न्हाई. आधी ते खिळे उपटा."

रामरावांनी स्वतःच्या हातानं खिळे उपटले. हौद ओसरीवर गेला, त्याला झाकण आलं, भिंत खरवडून चुना दिला. मासे मजेत राहिले, त्यांचं काय चुकलं होतं? जयवंता आईबरोबर आगगाडीत बसली आणि खिडकीशी तोंड धरून तिनं पोटभर श्वास घेतला.

म्हणून सांगतो, भिंतीला पाणी सुटलं तर खिडकी उघडा, पाण्यावर झाकण घाला. माणूस खोकलं तर डॉक्टरकडं न्या. आणि एखादा भगत म्हणालाच की बंद खोलीत देवी आलीय, तर दार लावून आधी त्यालाच आत बसवा.