आत्याचे डोळे

पेणला रामवाडीतल्या गणपतीच्या कारखान्यात नूतन आखणी करायची, म्हणजे मूर्तींचे डोळे रंगवायची. हात असा, की तिनं बुबुळ टेकवलं की मूर्ती वळून बघायची. एकदा एका गणपतीनं म्हणे गिऱ्हाइकाला डोळाच मारला. ते बापडं घासाघीस न करता मूर्ती उचलून चालतं झालं.

नूतनला लहानाची मोठी केली ती रोह्याजवळ वरसे गावातल्या चंद्रावती आत्यानं. आत्याला पोटाचं दुखणं लागलं आणि डॉक्टरनं आता घरीच न्या म्हणून सांगितलं, त्या दिवशी आत्या म्हणाली, "एवढ्या देवांना डोळे दिलेस गो, आता माझं चित्र काढ. फोटोत मी शेळी दिसते."

मग नूतन दर रविवारी कागद-पेन्सिल घेऊन रोह्याची गाडी धरायची. पहिलंच चित्र बघून आत्या खोकला लागेस्तोवर हसली. कपाळाखाली दोन लांब, शांत, अर्धे मिटलेले डोळे. "सोंड तेवढी राह्यली," म्हणाली. पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्या रविवारी तेच. वर्षानुवर्षं एकच डोळा आखलेला हात तो, माणसाचा डोळा त्याला ठाऊकच नव्हता. नूतन रडकुंडीला आली. दर रविवारी आत्या मूठभर कमी होत होती, आणि कागदावर अजून आलीच नव्हती.

शेवटी आत्यानंच शिकवायला घेतलं. पेन्सिलीशी तिचा संबंध कान खाजवण्यापुरता, पण पोरगी समोर कमी आणि कागदाकडेच जास्त बघते, हे तिनं हेरलं होतं. म्हणाली, तोंड राहू दे माझं, आधी तो तांब्या काढ, पोच्यासकट. मग दारातली लोळणारी मांजर. मग स्वतःचा हातच पुढं केला, फुगलेल्या शिरांचा. हळूहळू नूतन बघायला शिकली.

चित्र चालू असताना आत्याचं तोंडही चालूच. कुंडलिका नदीच्या पुरात म्हशीचं शेपूट धरून पलीकडच्या अष्टमी गावाला निघाले, अर्ध्या वाटेत म्हैस दमली तर तिलाच पाठीवर घेतली, असलं काहीबाही. घरातले हसायचे. शेजारीपाजारी म्हणायचे, बाईला भीती कशी ती ठाऊक नाय.

त्या रविवारी आत्याला उशीला टेकवून बसवलं. गोष्ट सुरू झाली आणि श्वास पुरेना म्हणून मध्येच थांबली. नूतननं डोळे काढायला घेतले. डावी पापणी उतरलेली. बुबुळ एका जागी ठरत नव्हतं, दाराकडं जायचं, परत यायचं. तिनं दिसलं तसं काढलं. काढता काढता आपण काय काढतोय ते तिला कळलं, आणि हात थांबवावासा वाटला. थांबवला नाही.

आत्यानं कागद बराच वेळ धरला. हसली नाही.

"व्हय," म्हणाली, "ही मीच." मग हळूच, "इतकी भ्यालेली दिसते मी?"

नूतनला खोटं बोलता येईना. तिनं नुसती मान डोलावली.

"मग कुणाला दाखवू नको गो."

नूतननं कागदाची घडी करून पिशवीच्या तळाशी घातली. आत्याची सून सुरभी चुलीपाशी होती, तिनं तेवढ्यात तिथूनच विचारलं, आज तरी जमलं का चित्र?

"नाय जमलं, वयनी," नूतन म्हणाली, आणि पलंगावर आत्याला चिकटून बसली.