तिसरी वायर

"हात लावू नका त्याला," मी म्हणेपर्यंत बाबांनी हात लावलाही होता. तोही उलटा, बोटांच्या मागच्या बाजूने. ग्राफिक्स कार्डाच्या पत्र्याला जेमतेम स्पर्श करून त्यांनी हात मागे घेतला.

"हे बंद कर. इथे नाय चालायचं."

"का?"

"नाय म्हटलं ना. ज्याने विकलं त्याला परत देऊन ये."

आमच्या घरात 'का'चं उत्तर 'नाय म्हटलं ना' हेच असतं, त्यामुळे नवल वाटलं नाही. राग मात्र आला. रविवारची सकाळ होती. परळच्या एका डेंटल लॅबमध्ये आठवड्याचे सहा दिवस मी कॉम्प्युटरवर लोकांचे दात घडवते. सातव्या दिवशी मला गाड्या पळवायच्या असतात. माझ्या लॅपटॉपवर रेसिंगचा गेम लावला की गाडी प्रत्येक वळणावर अडकायची, कारण आतलं ग्राफिक्स कार्ड कामचलाऊ होतं आणि दुसरं बसवायला आत जागा नव्हती. म्हणून बाहेरून जोडायचं कार्ड घेतलं होतं, सेकंडहँड. त्याला वेगळा पॉवर सप्लाय लागतो, कार्ड बसवायला डॉक लागतो, आणि डॉकमधून एक जाड केबल लॅपटॉपला जाते. चार महिने एकेक वस्तू जमवत मी इथवर आले होते. घोडपदेवच्या दहा बाय बाराच्या खोलीत, शिलाई मशीनच्या टेबलावर तो सगळा संसार मांडला होता, आणि बाबा म्हणत होते, परत देऊन ये.

माझे बाबा म्हणजे जयवंत परब, हॉस्पिटलातले रिटायर्ड वायरमन आणि आमच्या चाळीचं दैवत. शहाण्णव साली, मी पाळण्यात असताना, त्यांनी अख्ख्या चाळीचं वायरिंग नव्याने केलं. बेचाळीस खोल्या, सुट्टीच्या दिवशी, मजुरी न घेता. तेव्हापासून कुणाचा फ्यूज उडो की ट्यूब मिणमिणो, गॅलरीतून हाक यायची, "जयवंता, जरा ये रे." घरात आमच्याशी दोन शब्द गोड बोलणार नाहीत, पण त्या हाकेला त्यांचा ओ ठरलेला. आयुष्यात त्यांनी दुसरं काही कमावलं नाही. ती हाक कमावली.

आणि त्यांचा एक नियम होता. चाळीत कुणीही फ्रीज उघडताना लाकडी पाटावर उभं राहायचं. वॉशिंग मशीनपुढे रबरी चटई. नवी सून आली की तिला कुलदैवताच्या आधी हा नियम सांगत. लोक कौतुकाने म्हणायचे, जयवंताला आपली किती काळजी.

बाबा भाजी आणायला खाली उतरले तशी मी कामाला लागले. पॉवर सप्लाय पुन्हा चालू केला. कार्डाचा पंखा फिरला. लॅपटॉप चालूच होता. केबलचं टोक त्याच्या पोर्टपाशी नेलं आणि टच्‌कन निळी ठिणगी उडाली. स्क्रीन काळी पडली ती पडलीच. जळका वास आला. मी बटण दाबत राहिले, पाच मिनिटं, दहा मिनिटं.

बाबा परत आले. पिशवी ठेवली, टेबलाकडे पाहिलं.

"सांगितलं होतं," ते म्हणाले.

आता वाटतं, त्या आवाजात भीती असावी. तेव्हा मला ते समाधान वाटलं. त्या दिवशी मी त्यांच्याशी बोलले नाही, आणि त्यांना त्याने काही फरक पडल्याचं दिसलं नाही.

सोमवारी लॅबमधून सुटून मी गिरगावात हेरंबकडे गेले. एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली त्याचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. डोळ्याला भिंग लावून त्याने बोर्ड पाहिला.

"पोर्ट गेलाय. शेजारची चिपही. घरी अर्थिंग आहे ना, मॅडम?"

"असणारच. माझ्या वडिलांनीच वायरिंग केलंय."

हे बोलताना माझी मान ताठ झाली होती. रागावले असले तरी तो अभिमान माझ्यात होताच.

"तरी एकदा घरातला स्विचबोर्ड उघडून बघा. अर्थिंग नसेल तर पॉवर सप्लायच्या पत्र्यात थोडा करंट उतरतो. माणसाला नुसत्या झिणझिण्या येतात. पण केबल लावली की तो लॅपटॉपमधून वाट काढतो. तिसऱ्या पिनला वायर आहे का, तेवढं बघा."

घरी आले तेव्हा बाबा खाली नाक्यावर होते. आई देवापाशी वाती करत होती. मी मेन बंद केला, बाबांचाच स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि बोर्ड उघडला. एक लाल वायर, एक काळी. सॉकेटच्या तिसऱ्या पिनमागचा पितळी स्क्रू कोरा होता. त्याला कधी वायर लागलीच नव्हती.

मला वाटलं, आपल्याच खोलीत राहून गेली असेल. शेजारच्या सीमाकाकींकडे गेले, त्यांच्या फ्रीजचा बोर्ड उघडला. तेच. त्यांच्या पलीकडच्या खोलीत गेले. तिथेही तेच. तोवर मागे पाच-सहा जणी जमल्या होत्या.

"काय शोधतेयस गं आकांक्षा?" सीमाकाकींनी विचारलं.

मी सांगितलं. सांगायला नको होतं असं मी म्हणणार नाही, सांगायलाच हवं होतं. कुणी मेलं असतं. पण मी ज्या आवाजात सांगितलं तो आवाज मला आठवतो. त्यात लॅपटॉपचा सूड होता.

बाबा जिना चढून आले ते थेट या घोळक्यात. माझ्या हातातला स्क्रू ड्रायव्हर त्यांनी पाहिला आणि त्यांना सगळं कळलं.

"अर्थिंगची वायर कुठंय, बाबा?"

"घरात चल."

"इथेच सांगा. बेचाळीस खोल्यांत कुठे आहे ती?"

बाबांनी कठड्याला हात टेकला.

"मालकाने अंगणात खड्डा खणू दिला नाय. अर्थिंगचा पाइप जमिनीत पुरावा लागतो. तो म्हणाला, माझी जागा खोदायची नाय."

"मग तीन पिनचे सॉकेट कशाला लावलेत?"

"लोकांना हवे होते. फ्रीज यायला लागले होते. दोन पिनचे लावले असते तर म्हणाले असते, जयवंताने हलकं काम केलं."

"आणि त्याला अठ्ठावीस वर्षं झाली."

"नंतर करू म्हटलं. मग मालकाचं आणि चाळीचं कोर्टात गेलं. मग..." ते थांबले. "मग सांगायची वेळ निघून गेली."

"म्हणून पाट होय," सीमाकाकी हळूच म्हणाल्या. मग त्यांचा आवाज चढला. "भाऊ, मशीनला हात लावून आमच्या सासूबाई फेकल्या गेल्या होत्या. तुम्हीच आलात बघायला. म्हणालात, म्हातारीने ओल्या हाताने धरलं असेल. आम्ही त्यांनाच बोललो हो. महिनाभर बोललो."

बाबांनी मान वर केली नाही. एवढ्यावर मी थांबले असते तर बरं झालं असतं. पण माझी जीभ बापाचीच आहे.

"सगळ्यांना पाटावर उभं केलंत," मी म्हटलं, "आणि स्वतः मखरात बसलात."

बाबा घरात गेले. मागोमाग मी गेले तर आई दार लावायला उभीच होती. आई मूळची मालवणची, रागावली की गावच्या भाषेत शिरते.

"झाकली मूठ होती गो ती. तुकाच कित्याक उघडूची होती?"

"त्या मुठीत करंट होता, आई."

"गप रव."

गुरुवारी तळमजल्यावर मीटिंग बसली. चाळीचे सेक्रेटरी रघुवीरकाका मध्ये, बाकी सगळे भोवती. ज्यांच्या घरी बाबांनी पावसात शिडी लावून वायर ओढली होती, ते सगळ्यांत मोठ्याने बोलत होते. प्रत्येकाला आपला एकेक शॉक आठवत होता. इस्त्रीचा, गिझरचा, मिक्सरचा. कुणी म्हणालं पोलिसात द्या, कुणी म्हणालं फुकटचं काम असंच असतं. हे मला सहन होईना, आणि ते सुरू मीच केलं होतं म्हणून बोलताही येईना.

बाबा उठून उभे राहिले. "खड्डा मी खणतो. आता मालक काय बोलायचा नाय, मी त्याला भेटतो. बेचाळीस खोल्या मी परत करतो. दोन महिने द्या. मजुरी नको."

रघुवीरकाका त्यांचे शाळेपासूनचे मित्र. त्यांनी चष्मा पुसला.

"राहू दे, जयवंता. आता जबाबदारीचं काम आहे."

बाबा खाली बसले. मी त्यांच्याकडे पाहायचं टाळलं.

लालबागचा कॉन्ट्रॅक्टर ठरला. त्याच्या माणसांनी अंगणात खड्डा खणला, पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मीठ भरलं. पंधरा दिवसांत अर्थिंगची हिरवी वायर प्रत्येक खोलीत पोचली. आमच्या खोलीत आले तेव्हा बाबांनी स्वतः कपाट सरकवून दिलं आणि काम होईपर्यंत गॅलरीत जाऊन उभे राहिले. काम चांगलं झालं होतं. त्यांनी ते पाहिलं, नावं ठेवली नाहीत.

हेरंबने माझ्या लॅपटॉपला दुसरा बोर्ड बसवला. रविवारी मी कार्ड जोडलं. ठिणगी नाही, वास नाही. गेम सुरू झाला आणि गाडी वळणावरून सहज निघून गेली, कुठे अडकली नाही. तासभर खेळले. मजा आली, खोटं कशाला बोलू. बाबा माझ्याकडे पाठ करून पेपर वाचत होते. एकच पान तासभर उघडं होतं.

मला वाटायचं, लोक विसरतील. चाळीत भांडणं टिकत नाहीत, पाणी आलं की सगळे नळावर एकत्र येतात. लोक बोलायला लागलेही. सीमाकाकींनी आईला वाटीभर खीर पाठवली. बाबांनाही जिन्यात 'काय, बरं आहे ना' म्हणत होते. फक्त हाक येत नव्हती. फ्यूज तर या दिवसांतही उडत असतील.

परवा रात्री आठ-साडेआठला आम्ही जेवायला बसलो होतो. अचानक सीमाकाकींच्या खोलीपासून पलीकडच्या अंगाच्या चौदा खोल्यांची लाईट गेली. आमची होती. गॅलरीत पावलं वाजली, कुणी मेणबत्ती मागितली, कुणी मोबाइलचा उजेड पाडला. बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. मोरीत जाऊन हात धुतला. खुंटीवरचा शर्ट चढवून सगळी बटणं लावली, टेस्टर खिशात टाकला आणि दाराच्या आत येऊन उभे राहिले. बोलावल्याशिवाय ते कधी गेले नव्हते.

बाहेरून सीमाकाकींचा आवाज आला. त्या फोनवर होत्या. "हो दादा, घोडपदेव. तिसरा माळा. किती वेळ लागेल?"

आई म्हणाली, "जेवून घ्या."

"जेवतो," बाबा म्हणाले आणि तिथेच उभे राहिले.

मी त्यांना म्हणू शकले असते, बाबा, जाऊन बघा ना जरा. पण मी म्हणून काय होणार होतं. ती हाक माझी नव्हती. मी फक्त ती घालवली होती.

अर्ध्या तासाने इलेक्ट्रिशियन आला, खांद्याला बॅग, कपाळाला टॉर्च. आमच्या दारात उजेड दिसला म्हणून तो तिथेच थांबला.

"काका, मेन स्विच कुठे आहे या बाजूचा?"

"खाली जिन्यामागे. डावीकडची पेटी," बाबा म्हणाले. "वरून दुसरा फ्यूज बघा. त्याची पकड ढिली आहे, बाकीचं उघडत बसू नका."

तो माणूस जिन्याकडे वळला, मग थबकला. "तुम्हाला कसं माहीत?"

गॅलरीत अंधारात सीमाकाकी उभ्या होत्या, रघुवीरकाका होते, आणखी कोण कोण होतं.

"इथेच राहतो," बाबा म्हणाले.

पाच मिनिटांत पलीकडचे दिवे लागले. बाबांनी शर्ट काढून खुंटीला लावला आणि गार झालेल्या ताटावर येऊन बसले.