काचेच्या पेटीतली वीस रोपं

अठ्ठावीस वर्षं मी आंबेनळी घाटात एसटी चालवली. कंबर गेली, गुडघे गेले, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, आणि रिटायर झाल्यावर काम काय मिळालं, तर काचेच्या पेटीतल्या पाल्याची राखण.

चंदन, आमचा एकुलता एक मुलगा, दिवाळीला ती पेटी घेऊन आला. तो दादरला माशांच्या दुकानात कामाला. पण पेटीत मासा औषधाला नाही. वाळू, पाणी आणि खोचलेली वीस रोपं. शेजारचा सयाजी बघून म्हणाला, "मासं कुठं हायत, श्रीपत? पाला पाळलास काय?" मी म्हटलं, तुझी म्हैस इकडं आणू नको म्हणजे झालं.

चंदनचा बेत असा होता. मुंबईत ही रोपं लांबून येतात आणि अर्धी वाटेतच सडतात. आपल्या झऱ्याच्या पाण्यात ती जगली, तर खालच्या खाचरात सिमेंटच्या टाक्या बांधायच्या आणि इथूनच रोपं मुंबईला पाठवायची. मग नोकरी सोडून तो कायमचा घरी येणार. "पण आयला आत्ता काय सांगू नका बाबा," तो म्हणाला. "जमलं नाय तर जिवाला लावून घेईल." ते खरंच होतं. माझ्या बायकोला, भागूला, कळलं असतं तर तिनं पंचक्रोशीतल्या सगळ्या देवांना नवस बोलून ठेवले असते. मी गप्प राहिलो. पण मला पोरगा परत हवा होता. दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांचा खोकला ऐकत किती वर्षं काढायची?

जाताना त्यानं सगळं नीट समजावलं. सुरुवातीला पानं सडतील, घाबरायचं नाही. ही रोपं पाण्याबाहेर वाढवलेली असतात, म्हणून जुनी पानं जातात आणि पाण्यातली नवी येतात. ती दिसायलाही वेगळी. सडकं पान कापायचं, पण रोप उपटून मुळं बघत बसायचं नाही. खत घालायचं नाही. आठवड्याला चौथाई पाणी बदलायचं आणि ट्यूब रोज आठ तास लावायची. आमच्याकडे सलग आठ तास लाईट राहिली, तर लोक विचारतात, कुणी मंत्री आलाय काय.

रोपं सडायला लागली. रोज सकाळी मी कात्री घेऊन बसायचो, पिवळं कापायचो आणि चंदनला मनातल्या मनात शिव्या घालायचो. बदलायचं पाणी भागू आणायची, झऱ्यावरून, तो चढ चढून. "मानसाला पानी नाय आन् पाल्याला आंघोळ," असं पुटपुटायची, पण एक गुरुवार चुकवला नाही. मला कमरेमुळं कळशी उचलत नाही. तिच्या तरी गुडघ्यांत काय राहिलं होतं?

संक्रांतीच्या सुमारास पेटी हिरवी दिसायला लागली. पानं वेगळी होती, बारीक, लांब. म्हटलं, पोरगा बोलला तसंच झालं. वीस जागा मोजल्या, वीसही भरलेल्या. रविवारी पोलादपूरला उतरून बूथवरून फोन केला.

"किती जगली, बाबा?"

"वीसच्या वीस."

"मग मी उद्याच मालकाला सांगतो."

मंगळवारी सकाळी मी चहा पिऊन पडवीत आलो, तर भागू कोपरापर्यंत हात पेटीत घालून उभी. दुसऱ्या हातात हिरव्या काड्यांची जुडी.

"काय करतेस गो?"

"एक मेलं होतं, त्याच्या जागी दुसरं लावलं. झऱ्याखालच्या डबक्यात हाय ना हे रगड."

"याआधी लावलंस कधी?"

"मग? मेलं की लावते. भातात नांगी भरत नाय का आपण? चूड मेली तर जागा मोकळी ठेवायची? बरं दिसतं का ते?"

"पोरानं आणलेली किती राहिली?"

तिनं वाकून बघितलं. "ती रुंद पानांची दोन."

मी पडवीतच खाली बसलो. मग तिला सगळं सांगितलं, टाक्या, खाचर, नोकरी. ती ओल्या हातांनी तशीच ऐकत राहिली. चूक तिची नव्हती. जन्मभर जे केलं तेच तिनं केलं. मीच तिला अंधारात ठेवलं, आणि मोतीबिंदूवाला मी तिच्या कामाची मोजणी करत बसलो.

"मग आता तो येयाचा नाय?" तिनं विचारलं.

गप्प बसावं, असं मला वाटलं. आपण काही खोटं सांगत नाही, फक्त बोलत नाही, असंही वाटलं. पोरगा येईल, मग पुढचं पुढं. पण पुढं रस्ता खचलाय हे माहीत असून गाडी पुढं घालायची, हे मला आयुष्यात जमलं नाही. मी सदरा चढवला. भागूनंही पायात चपला घातल्या.

"मी सांगते त्याला," ती म्हणाली. "लावलं मी, तर सांगायचं पन मीच."

बूथवर तिनं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला आणि ओरडूनच बोलली. "चंदन, तुजी दोनच जगली रे. बाकीची समदी मी डबक्यातली लावलेली. तुज्या बापाला ठावं नव्हतं. तू नोकरी सोडू नको. येऊ नको तू." एवढं बोलून तिनं रिसीव्हर माझ्या हातात दिला.

"बाबा," चंदन म्हणाला, "मी काल सोडली. माझ्या जागेवर आज दुसरा उभा पन राहिला. शनिवारच्या गाडीनं येतोय."

मी फोन ठेवला.

"काय बोलला?" भागूनं विचारलं.

"सुटली नोकरी. शनिवारी येतोय."

तिच्या तोंडावर आधी आनंद आला. मी बघितला ना. मग काय झालंय ते तिला कळलं आणि तिनं पदर तोंडावर ओढला. मी तिला काही बोललो नाही, कारण आनंद मलाही झाला होता, आणि त्याची मला भारी लाज वाटत होती.