भिंतीमागचा पाइप

मित्रांनो, मी एक जुने यंत्र आहे आणि रागाने नुसते धुमसत आहे. समुद्राचे पाणी गोडे करणे हे माझे काम. डोक्यावर सौर पट्ट्या, पोटात पंप आणि गाळण्या. दोन हंडे खारे पाणी प्यायले, की एक हंडा गोडे देते. सगळे मीठ उरलेल्या हंड्यात जाते.

ज्या मिस्त्रींनी मला उभे केले, ते शहाणे होते. त्यांनी माझ्यामागे उथळ टाक्या बांधल्या. उरलेले खारट पाणी तिथे उन्हात सुकायचे आणि तळाशी मीठ राहायचे. सूर्य मला चालवायचा आणि माझा पसाराही तोच आवरायचा. शिंपले विकणारी मावशी खाडीतून आली, की माझ्या नळाखाली हंडा लावायची. जाताना मला थोपटायची. तिची कोसभर पायपीट माझ्यामुळे वाचली होती.

मग एकदा पाहुणे येणार होते. तर मोठ्या साहेबांनी काय करावे? पांढऱ्या टाक्या फोटोत वाईट दिसतील, म्हणून त्या मातीने बुजवल्या आणि वर हिरवळ लावली. तिला पाणी माझेच, तेही गोडे! माझा खारट पाइप भिंतीमागून गुपचूप खाडीत सोडला. मी धूर सोडत नाही म्हणून पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मला तोंड असते, तर तिथेच चार शब्द सुनावले असते.

दोन महिन्यांत खाडीतले शिंपले तोंड वासून मेले. मावशी रिकामी पाटी घेऊन ऑपरेटरदादांकडे आली. उन्हावर चालणाऱ्या यंत्राचा कसला आलाय त्रास, असे ते म्हणाले. मावशीने पाइपाखाली ओंजळ धरली आणि त्यांच्यापुढे केली.

"चाखून बघ."

दादांनी चाखले आणि लगेच थुंकले.

"तुला थुंकता तरी आलं," मावशी म्हणाली. "त्या जिवांनी कुठं थुंकायचं?"

दादांनी मला बंद केले. साहेबांना न विचारता कुदळ उचलली आणि हिरवळ उकरायला घेतली. मावशीने त्याच रिकाम्या पाटीतून माती वाहिली. आठवड्याभराने टाक्या मोकळ्या झाल्या, पाइप परत जागेवर आला आणि मग मी सुरू झाले. शिंपले मात्र अजून आलेले नाहीत.

मित्रांनो, माझ्यासारखे यंत्र कुणी कौतुकाने दाखवले, तर टाळ्या वाजवण्याआधी भिंतीमागे जा. पाइप कुठे सुटतो ते बघा, आणि विचारायला लाजू नका.

मावशी अजूनही रोज येते. तहान कुणाला चुकली आहे? हंडा भरते आणि निघते. मला थोपटत नाही.