सहा कडांची चावी

घड्याळजीने आयुष्यात एकही वस्तू जोर लावून पिरगाळली नव्हती, आणि या गोष्टीचा त्याला शोभेल त्याहून जरा जास्तच अभिमान होता. चाळीस वर्षं तो तिळाएवढे स्क्रू फिरवत आला. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट, बस्स. तिसरं बोट लागलं की काम बिघडलंच म्हणून समज, असं उस्तादांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. ते त्याने इतकं मनावर घेतलं की घरात बरणीचं झाकणही तो दोन बोटांनी उघडायला जायचा. झाकण ढिम्म हलायचं नाही. मग बायको येऊन उघडायची.

उस्तादांची दुसरी शिकवण हत्यारांबद्दलची. विकत आणलेलं हत्यार अर्धंच असतं, उरलेलं अर्धं आपण करायचं. समोरच्या स्क्रूची खाच भिंगातून बघायची, स्क्रूड्रायव्हरचं टोक बारीक दगडावर घासायचं, आणि ते खाचेत न डुगडुगता बसलं की मगच कामाला हात घालायचा. घड्याळजीच्या टेबलावरचं एकही हत्यार दुकानातून आलं तसं राहिलेलं नव्हतं. “आमच्याकडे जे बसत नाही ते घासलं जातं,” बायको आल्यागेल्याला सांगायची. “माझं नशीब, मी आधीपासून बसत होते.”

या बायकोला सगळी वस्ती सिस्टर म्हणायची, आणि भांडण झालं की तोही. घरोघरी जाऊन जखमा धुणं, पट्ट्या बदलणं, इंजेक्शनं देणं हे तिचं काम. रोज सकाळी सात घरं. चार वरच्या अंगाला, तीन उताराखाली. एकोणीस वर्षं हे सगळं तिने एका निळ्या सायकलवर निभावलं होतं. त्या सायकलचे ब्रेक दाबले की असे किंचाळायचे की गल्लीतली मांजरं भिंतीवर चढायची. घड्याळजीने ते नीट करून द्यायची तयारी कितीदा दाखवली. ती म्हणायची, राहू द्या, घंटी वाजवायचे कष्ट वाचतात.

सायकलची देखभाल कोपऱ्यावरचा मिस्त्री करायचा. त्याने वयामुळे दुकान बंद केलं आणि तो मुलीकडे राहायला गेला. त्यानंतर महिन्याभरात सिस्टर म्हणाली की खांदे भरून येतात, हँडल दोन बोटं वर घ्यायला हवं. घड्याळजी म्हणाला, हात्तिच्या, मी करतो की. सायकल म्हणजे त्याच्या मते ठोकपीट. ज्याने नखाएवढी यंत्रं उघडून परत चालती केली, त्याला या नळकांड्यांचं काय कौतुक असणार!

हँडलच्या दांड्याच्या डोक्यावर एक बोल्ट असतो आणि त्याच्या मधोमध सहा कोनांचा खड्डा. त्यात काटकोनात वाकवलेली सहा कडांची चावी घालून फिरवायची. मिस्त्री लोक तिला ॲलन की म्हणतात. घड्याळजीकडे तशी एक होती, नव्या कपाटाच्या खोक्यात फुकट आलेली. ती खड्ड्यात जरा अडकत जात होती. झालं, उस्तादांचा चेला कानस घेऊन बसला. त्याने सहाही बाजू मोजून मापून सारख्या घासल्या, शेवटी दगडावर फिरवून चकचकीत केल्या. आता चावी अलगद आत गेली. त्याने हँडल वर घेतलं, बोल्ट आवळत आणला आणि घड्याळाचा स्क्रू जिथे पुरे म्हणतो तिथे दोन बोटांवर थांबला. स्वतःच्या कामावर तो इतका खूश झाला की त्याने सायकल पुसूनही ठेवली.

दुसऱ्या दिवशी उताराच्या वळणावर सिस्टरने हँडल वळवलं. हँडल वळलं, चाक वळलं नाही.

ती कुंपणावर जाऊन आदळली. तळहात सोलला, गुडघा सुजला. तिने पिशवीतून औषध काढून स्वतःची पट्टी स्वतःच केली, खालची तिन्ही घरं चालत उरकली आणि सायकल हाताने ढकलत घरी आणली. तिने चार शब्द सुनावले असते तर घड्याळजीला बरं वाटलं असतं. ती फक्त म्हणाली, हँडल सैल राहिलं होतं. त्याने तीच चावी घातली आणि आयुष्यात पहिल्यांदा सगळी बोटं लावून दाबली. चावी गर्रकन फिरली, बोल्ट तसाच राहिला. भिंग लावून पाहिलं तर खड्ड्याचे सहाही कोन घासून गेले होते आणि तिथे एक गोल भोक उरलं होतं.

आठवडाभर सिस्टर पायी गेली. पिशवी खांद्यावर, गुडघा दुखरा, आणि परतीला तो चढ. शनिवारी सकाळी तिने घागरीतून पाणी ओतता ओतता सांगून टाकलं की सोमवारपर्यंत सायकल झाली तर ठीक, नाहीतर उताराखालची तिन्ही घरं दुसऱ्या सिस्टरकडे सोपवायची. पायी आता होत नाही. घड्याळजीला ती घरं ऐकून ऐकून पाठ होती. त्यातल्या शेवटच्या घरातल्या मास्तरीणबाई तर अकरा वर्षांच्या जखमेचा पाय हिच्याखेरीज कुणाच्या हाती देत नव्हत्या. तो म्हणाला, मोठ्या बाजारातला मिस्त्री बघतो, माझ्या हातून नको आता.

“कशाला?” सिस्टर म्हणाली. “किती घट्ट हवं, ते आता तुमच्याइतकं कुणाला कळलंय?”

ती हे टोमणा म्हणून बोलली की भरवसा म्हणून, हे त्याला उमगलं नाही. तो चावी फडक्यात गुंडाळून हत्यारांच्या दुकानात गेला.

दुकान एक बाई चालवायच्या. आधी वीस वर्षं त्या कारखान्यात लेथवर होत्या, आणि ते त्यांच्या मनगटांवरून दिसायचं. त्यांनी चावी उजेडात फिरवली आणि विचारलं, ही कुणी घासली. घड्याळजी म्हणाला, मी. त्यांनी मापकाच्या जबड्यात चावी तीनदा धरली, दर वेळी फिरवून. तिन्ही वेळा माप तेच आलं, आणि तिन्ही वेळा ते सहा मिलिमीटरला कमी.

“काका,” बाई म्हणाल्या, “इतक्या सुबक हाताने चुकलेलं काम मी पहिल्यांदाच बघतेय.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. खाचेच्या स्क्रूचं वेगळं. इथे सगळा भार सहा कडांवर. चावी बारीक झाली की कडा कोनांना जेमतेम टेकतात आणि मग चावी तरी झिजते, नाहीतर बोल्ट तरी. टोक झिजलंच तर पुढून घासून काढायचं. चावी आखूड झाली तर चालते, बारीक झालेली चालत नाही. घड्याळजी खाली मान घालून ऐकत होता. चाळीस वर्षांनी तो पुन्हा शिकाऊ उमेदवार झाला होता.

बाईंनी काउंटरवर कापड अंथरून सहा मिलिमीटरच्या तीन चाव्या मांडल्या. कुठली चांगली ते त्यांनी सांगितलं नाही, तुम्हीच निवडा म्हणाल्या. घड्याळजीने खिशातलं भिंग काढून डोळ्याला लावलं. पहिली चावी सगळ्यांत चमकदार होती. भिंगाखाली कळलं की ती चमक मुलाम्याची आहे, तो कडांवर थिजून त्या बोथट झाल्यात. दुसरीचं टोक कात्रीने तोडल्यासारखं, एका अंगाला किनार फुटलेली. तिसरी काळपट, दिसायला गरीब. ती त्याने भिंगाखाली धरली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही.

सहा बाजू, आणि सहाही अशा सपाट की उजेड एकीवरून दुसरीवर जाताना मध्ये रेंगाळत नव्हता. कड म्हणजे नुसती एक रेघ. टोक आरशासारखं सपाट, आणि खड्ड्यात शिरताना अडू नये म्हणून त्याच्या सहाही काठांना केसाएवढा उतार दिलेला. तो कुणीतरी मुद्दाम दिला होता. सायकलच्या, कपाटाच्या, यंत्राच्या एका मामुली चावीसाठी कुठल्यातरी कारखान्यात कुणीतरी इतका विचार केला होता आणि खाली नावही घातलं नव्हतं. नाजूक काम लहान वस्तूंतच असतं, असं घड्याळजी आजवर धरून चालला होता. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षा नवल कितीतरी जास्त वाटलं.

बाईंनी नवा बोल्ट दिला. त्याने एकेक चावी त्यात घालून कानापाशी नेली आणि हलवली. बाईंना हसू आलं, पण त्याला दुसरी रीत ठाऊक नव्हती. पहिली टक्टक् वाजली, दुसरी त्याहून थोडी कमी. तिसरी वाजलीच नाही.

“आता दाबून बघा,” बाई म्हणाल्या. त्यांनी बोल्ट शेगड्यात आवळला. शेगडा म्हणजे काउंटरला जडवलेला लोखंडी जबडा. दुसऱ्या चावीवर त्यांनी स्वतः भार दिला. चावी पिळवटली आणि तशीच वाकडी राहिली. मग त्यांनी तिसरी घड्याळजीच्या हातात दिली. त्याची दोन बोटं आपसूक पुढे आली. बाईंनी मान हलवली. “पंजा. सगळा.”

त्याने पंजा लावला. आता तुटेल, आता सटकेल, या भीतीने त्याला घाम फुटला. लांब दांडी किंचित वाकली, आणि वाकता वाकता त्याच्या हाताला उलट ढकलू लागली. त्याने हात सैल केला तशी ती सरळ झाली, होती तशीच. घड्याळजी थक्क होऊन तिच्याकडे पाहत राहिला. घड्याळाची स्प्रिंग त्याने हजारदा हाताळली होती. हा दांडगा लोखंडी तुकडा आतून स्प्रिंगच होता.

“ही उलटी ढकलते,” तो म्हणाला.

“ढकलणारच. ती ढकलायला लागेपर्यंत हँडल घट्ट झालेलं नसतं, काका.”

त्याने तशा चाव्यांचा सगळा जुडगा घेतला, नवा बोल्ट घेतला. गोल झालेल्या भोकासाठी बाईंनी इंचाच्या मापाची, केसभर मोठी एक चावी दिली. ती हातोडीने ठोकून आत बसवायची आणि बोल्ट काढायचा, या एका कामाला ठोकपीट माफ आहे, असं त्यांनी बजावलं. शेवटी तपासायची रीत सांगितली. पुढचं चाक गुडघ्यांत धरायचं आणि हँडल जीव खाऊन पिरगाळायचं.

रविवारी दुपारी अंगणात त्याने मोठी चावी ठोकली. जुना बोल्ट कुरकुरत निघाला. दांड्याला ग्रीस लावून त्याने नवा बोल्ट बसवला, काळी चावी घातली, ती वाजत नाही हे ऐकून घेतलं आणि पंजाने दाबली. चावीने उलट ढकललं तेव्हा तो थांबला. मग चाक गुडघ्यांत धरून त्याने हँडल पिरगाळलं. गुडघे भरून आले, हँडल हललं नाही. हे त्याने संध्याकाळपर्यंत पाच वेळा केलं. सिस्टर आतून सगळं पाहत होती, पण झालं का, असं तिने एकदाही विचारलं नाही.

सोमवारी सकाळी ती पिशवी घेऊन उताराच्या माथ्यावर आली, तर तिच्या आधी सायकल घेऊन घड्याळजी तिथे उभा.

“थांब,” तो म्हणाला. “आधी मी.”

वीस वर्षांत तो सायकलवर बसला नव्हता. सिस्टरने एकवार त्याच्याकडे पाहिलं आणि बाजूला झाली. त्याने पाय टाकला, आणि रस्ता खालून ओढून घेतल्यासारखा पळू लागला. कानात वारा, डोळ्यांत पाणी, दोन्ही बाजूंची घरं पुसट, आणि सगळं जग दोन मुठींत. वळण समोर आलं. त्याने हँडल वळवलं. चाक वळलं! पण त्याचा धीर सुटला आणि त्याने ब्रेक दाबले. ती किंचाळी सगळ्या गल्लीने ऐकली, मांजरांसकट. तो कुंपणापाशी थांबला. लाकडावर निळ्या रंगाचा ओरखडा होता. त्याने त्यावर हात ठेवला, जरा दम खाल्ला आणि सायकल वर ढकलू लागला. तेवढा चढ चढताना तो तीनदा थांबला. सिस्टर हे रोज करते, पिशवीसकट, हे त्याच्या पायांना त्या दिवशी कळलं.

“तू इथून रोज जातेस?” वर पोचल्यावर त्याने विचारलं.

“रोज.”

“पावसातसुद्धा?”

“जखमेला पाऊस कुठे कळतो.” तिने पिशवी मागे बांधली. “ब्रेक दाबलेत वळणावर. इथपर्यंत ऐकू आलं.”

“जीव मुठीत धरून दाबले.”

“मी तिथे दाबत नाही,” ती म्हणाली. “दाबले की सायकल अडखळते. हँडलवर सोडून द्यायचं सगळं.”

म्हणजे ती पडली त्या दिवशीही तिने दाबले नव्हते. तिने सगळं हँडलवर, म्हणजे त्याच्या दोन बोटांवर, सोडून दिलं होतं. घड्याळजी एवढंच म्हणाला की आज हवं तर दाब, पहिलाच दिवस आहे. पट्टी बांधलेला हात तिने मुठीवर ठेवला, सायकलवर बसली आणि निघाली.

त्याला पाहवेना. त्याने डोळे मिटले आणि दुरुस्त केलेलं घड्याळ कानाला लावावं तसा कान देऊन उभा राहिला. चाकांची सरसर ऐकू येत होती, वाढत होती. आता कडुलिंब, आता पाण्याचा नळ, आता वळण. ब्रेक किंचाळले नाहीत. सरसर वळली, लांब गेली, बारीक होत विरली.

बऱ्याच वेळाने, अगदी खालून, मास्तरीणबाईंच्या फाटकापाशी ब्रेकची किंचाळी उठली. घड्याळजीने डोळे उघडले. ते भरून आले होते, आणि त्याने ते पुसले, सगळा पंजा लावून.